घोडे त्यांचे, स्वार आमचे

विरेशच्या पत्राला चन्नबसप्पा कागद्यांनी उत्तर दिलं नाही. द्यायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून नव्हे. ठरवणं हे काम त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पालमच्या वाचनालयात सगळी नोकरी गेलेला माणूस. दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून डोळे अधू झाले, पण स्वतःच्या चार ओळी लिहायच्या म्हटलं की पहिल्याच ओळीत गाडं अडायचं.

आणि हे पत्र तर अडवणारंच होतं. परभणीहून आलेलं, टाइप केलेलं. पुतण्याने चुलत्याला लिहावं असं त्यात काही नव्हतं. वकिलाने कुळाला लिहावं तसं होतं. ‘येथील संग्रहालयात आमच्या घराण्यातील प्राचीन कागदी चिकटचित्रांचे प्रदर्शन भरत आहे. आपल्या शाखेकडे काही भाग शिल्लक असल्यास कळवावे. उत्तर न आल्यास काहीही शिल्लक नाही असे धरण्यात येईल.’ खाली सही, विरेश कागदे.

चन्नबसप्पा उत्तर लिहायला बसले. ‘चि. विरेश यास अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं आणि फाडलं. इतक्या वर्षांत ज्या घराशी बोलणं नाही त्याला आशीर्वाद कसला द्यायचा? ‘श्री. विरेश कागदे यांस’ लिहिलं, तेही फाडलं. आपल्याच रक्ताच्या पोराला ‘श्री.’ म्हणवेना. सांगायचं होतं ते खरं तर एका शब्दाचं. आहेत. पण त्या शब्दाच्या मागेपुढे काय लिहावं ते सुचेना.

त्यांच्या पत्नी मल्लम्मा भाकरी थापता थापता बघत होत्या. त्या म्हणाल्या, “कशाला लिवायलाव? गरज पडली म्हून चुलता आठवला. बसू द्या बोंबलत.”

सल्ला सोपा होता. चन्नबसप्पांनी पत्र एका पुस्तकात घातलं आणि दुसरं पुस्तक वाचायला घेतलं.

कागद्यांच्या भांडणाची गोष्ट पालममध्ये जो ऐकेल तो आधी हसायचा. पूर्वज कागदाचे व्यापारी. निजामाच्याही आधी दख्खनच्या कुठल्याशा सरदाराच्या घरी कागद पुरवायचे. त्या सरदाराच्या पदरी एक कारागीर होता. रंगाच्या लाटा उठवलेला अबरी कागद घ्यायचा, त्यातून घोडे, हत्ती, स्वार, पाखरं कातरायची आणि मोठ्या पानावर एकावर एक चिकटवून अख्खी मिरवणूक उभी करायची, असं त्याचं काम. कुंचला नाही, शाई नाही. कागदावर नुसता कागद. अशा पानांचं एक बाड कागद्यांच्या घरात आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. चन्नबसप्पांच्या आजोबांनी मरताना दोन्ही मुलांना जवळ बसवून बजावलं, “बाडाचं पान फाडायचं न्हाई.”

पोरांनी शब्द पाळला, तो असा. थोरले गुरलिंगप्पा आणि धाकटे महालिंगप्पा वाटणीला बसले. शेत, दुकान, भांडीकुंडी, म्हैस, सगळं दुपारपर्यंत निकालात निघालं. बाडापाशी गाडं रुतलं. अख्खं बाड एकाला द्यायला दुसरा तयार नाही, आणि पान तर फाडायचं नाही. मठातले अय्या पंच म्हणून बसले होते. त्यांनी पान उन्हात धरलं, नखानं कोपरा उचलून बघितला आणि म्हणाले, “चिकटवलंय ना? मग फाडायचं कशाला, उकला की!” निवाडा झाला. चार पायांचं ते थोरल्याला, दोन पायांचं ते धाकट्याला. खालची पानं, झाडं आणि ढग थोरल्याकडे. गुरलिंगप्पांनी स्वतः पाण्याचा हंडा चुलीवर चढवला, वाफेवर पान धरलं आणि पातळ सुरीने एकेक स्वार त्याच्या घोड्यावरून उतरवला. माकडावरून मात्र हातघाई झाली. ते चार पायांचं की दोन, हे दिवेलागणीपर्यंत ठरेना. शेवटी माकड अय्यांनी स्वतःच्या झोळीत टाकलं.

तेव्हापासून घोडे तिकडे आणि स्वार इकडे. थोरलं घर परभणीला गेलं, धाकटं पालमला राहिलं. गुरलिंगप्पांच्या मातीला महालिंगप्पा गेले नाहीत, आणि पुढे महालिंगप्पांच्या मातीला तिकडचं कुत्रंही आलं नाही. महालिंगप्पांचा मुलगा म्हणजे आपले चन्नबसप्पा. गुरलिंगप्पांचा नातू म्हणजे विरेश. विरेशचा परभणीत कापडाचा व्यापार, चार समित्यांवर नाव, बोलायला तिखट.

प्रदर्शनाची बातमी पेपरात आली. घोड्याचा रंगीत फोटो होता. चन्नबसप्पांनी भिंग धरून तो फोटो बघितला आणि बराच वेळ पेपर खाली ठेवला नाही. त्या घोड्याचा स्वार त्यांना ओळखू येत होता. पिवळ्या पागोट्याचा, एका हातात बहिरी ससाणा धरलेला. तो वर माळ्यावर पेटीत, मऊ धोतराच्या घडीत होता.

“नुसतं बघून येऊ,” ते म्हणाले.

“मी बी येते,” मल्लम्मा म्हणाल्या. “तुमी एकटे गेलाव तर माफी मागून याल.”

एसटीने दोघं परभणीला उतरली. संग्रहालय म्हणजे एका संस्थेची जुनी इमारत, खालचा एक लांबट हॉल. आत गारवा, काचेच्या पेट्या, आणि पेट्यांत ती पानं. चन्नबसप्पांनी ती शेवटची बघितली लहानपणी, तेव्हा ती वाफेने ओली झालेली होती. आता वाळून सपाट झालेल्या त्या पानांवरून घोडे चालले होते. निळसर लाटांच्या कागदाचा एक, तांबूस लाटांचा दुसरा. आयाळ केसासारखी बारीक कातरलेली. हत्ती काळ्या-करड्या कागदाचा, त्याच्या सोंडेच्या वळ्या कागदातल्या लाटेनेच आपोआप पडलेल्या. सुंदर होते सगळे. आणि प्रत्येकाच्या पाठीवर माणसाच्या आकाराचा फिका डाग होता. वाटणीपर्यंत स्वारांखाली झाकलेला कागद तेवढाच कोवळा राहिला होता. जिथे ससाणा होता तिथे ससाण्याचासुद्धा डाग होता.

चन्नबसप्पांना वाटलं, मोठ्याने ओरडावं की हा मला माहीत आहे. पण ते काही ओरडणाऱ्यांतले नव्हते.

कॉलेजच्या पोरी फोटो काढत होत्या. “अगं, वरचे लोक कुठं गेले?” एकीने विचारलं. दुसरीने भिंतीवरची पाटी वाचून दाखवली, चांगली खणखणीत. “मूळ चित्रांतील मानवाकृती व पक्षी कुटुंबाच्या धाकट्या शाखेकडे होते. शाखाप्रमुख महालिंगप्पा कागदे यांनी ते चुलीत जाळून नष्ट केले.”

“बापरे! काय माणूस असेल!” पहिली म्हणाली.

चन्नबसप्पांनी पाटी स्वतः वाचली. परत वाचली. त्यांचे वडील सकाळी उठून लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत, आणि सणासुदीला पेटी उघडून स्वारांना कडुनिंबाचा पाला बदलत. त्यांचं नाव भिंतीवर, आणि नावापुढे चूल.

“कुणी लिवलं हे?” मल्लम्मांचा आवाज हॉलभर गेला.

टेबलामागून एक तरुण बाई उठून आली. प्रदर्शन तिने मांडलं होतं, नाव राजेश्री. “मी लिहिलं, आजी. माहिती कुटुंबाकडून मिळाली. काही चुकलंय का?”

“कुटुंब म्हंजे कोण? आमी काय बाजारातून आलो का?”

तेवढ्यात विरेश आलाच. पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात मोबाइल. मल्लम्मांचं बोलणं त्याने दारातूनच ऐकलं होतं; त्याने दोघांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “या, या, पालमकर! पत्राला उत्तर न्हाई, अन् आता स्वतः उत्तर घेऊन आलाव व्हय? पाया पडतो काका.”

“पाया नको पडू,” मल्लम्मा म्हणाल्या. “पाटी काढ.”

“कामून काढू?”

“माझ्या सासऱ्याची इज्जत काढायलास चारचौघांत, अन् मलाच विचारायलास कामून?”

“काकू, त्या पाटीत एक अक्षर खोटं न्हाई. आन् बोलायचं असंल तर काकांना बोलू द्या. का त्यांचं तोंडबी तुमच्याचकडं वाटणीला आलंय?”

पोरी हसल्या. चन्नबसप्पा काहीतरी बोलले, पण ते त्यांच्या उपरण्यालाच ऐकू गेलं असेल.

“काय म्हणालाव?”

“जळाले नाहीत.” यावेळी ऐकू आलं. “घरी आहेत. सगळे.”

राजेश्रीने दोन्ही हात तोंडावर नेले. “आजोबा, खरंच? स्वार? सगळे? मी विरेश सरांच्या मागे लागून तुम्हाला पत्र पाठवायला लावलं, म्हटलं एकदा विचारून तर बघा—”

“थांबा मॅडम.” विरेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरेल असं मल्लम्मांना वाटलं होतं. तो उतरला नाही, घट्ट झाला. “आहेत म्हणता? घरी आहेत?”

“माळ्यावर. पेटीत.”

“मग ऐका काका. माझे आजोबा अंथरुणाला खिळले होते. मी पाळण्यात होतो, पण आमच्या घरात हे पोरासोराला पाठ हाय. त्यांनी गडी धाडला पालमला, सिताराम. एक स्वार, म्हणले, नुसता बघायला धाडा. बघतो अन् परत करतो. तुमच्या वडलांनी सितारामला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. दारातूनच सांगितलं, ‘चुलीत घातले सगळे. राख पाहिजे असंल तर ने.’ सितारामनं तेच येऊन सांगितलं. आजोबांनी ते ऐकलं, भिंतीकडं तोंड केलं, अन् त्या रात्रीच गेले.”



“आमाला वाटलं माणूस येडा झाला असंल, रागात जाळून बसला असंल. माणूस रागात काहीबी करतो. तेवढंच लिवलं आमी पाटीवर. पण तुमी तर म्हणायलाव, होते. वर माळ्यावर होते, अन् मरत्या भावाला न्हाई म्हून सांगितलं.” विरेशने बोट पाटीवर ठेवलं. “आता तुमीच सांगा. तुमी शिकलेले, ग्रंथपाल. जाळले लिवू, का खोटं बोलले लिवू? कोणतं बरं दिसंल भिंतीवर?”

चन्नबसप्पांनी मल्लम्मांकडे बघितलं. मल्लम्मा हत्तीकडे बघत होत्या.

“घाई न्हाई,” विरेश म्हणाला. “पत्रानं कळवा. तुमची पत्रं लय लवकर येतात.”

परतीच्या एसटीत मल्लम्मा एक शब्द बोलल्या नाहीत. ज्या बाईला कंडक्टरशी, शेजारणीशी, खिडकीच्या काचेशी भांडल्याशिवाय प्रवास होत नाही ती पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. तो सिताराम खोटं बोलला असेल, असं ते गंगाखेडपर्यंत स्वतःला समजावत होते. गंगाखेडच्या पुढे ते समजावणं जमेना.

घरी आल्यावर पायांवर पाणी घेता घेता त्यांनी विचारलं, “तू होतीस तेव्हा घरात. नवी होतीस.”

“होते.”

“मी?”

“तुमी वाचनालयात. अजून कुठं असणार?”

“मग? बोलले होते वडील असं?”

मल्लम्मांनी तांब्या आपटला. “बोलले होते! माजघरातून ऐकलं मी. राखेचंबी बोलले. झालं समाधान?”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“सांगून काय केलं असतं तुमी? बापाला जाब विचारला असता? तुमी? पुस्तकात तोंड घालून बसला असता, अन् मी वाईट झाले असते.”

हे खरं होतं. चन्नबसप्पा वर गेले, पेटी उतरवली. मऊ धोतरातून स्वार बाहेर आले. पिवळं पागोटं, हिरवं पागोटं, भालेवाला, नगारेवाला, पालखीचे भोई; बगळे, मोर, पोपट. त्यांच्या पाठीला घोड्यांच्या कागदाचा पातळ पापुद्रा चिकटून आलेला होता. सुरी फिरवताना थोरल्या काकांचा हात तिथे हलला असणार. काय नीट ठेवले होते वडिलांनी! एकालाही कसर लागलेली नव्हती. ज्या माणसाने इतकं जपलं, त्यानेच त्या राखेच्या गोष्टी केल्या. दोन्ही हात एकाचेच. चन्नबसप्पांना वडिलांचा राग आला. वयाच्या पंचाहत्तरीला पहिल्यांदा आला, आणि तो कसा करायचा असतो ते त्यांना कळेना.

मल्लम्मा जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. “ऐका माझं. असं लिवा की मामंजी दुसऱ्या दिवशी एक स्वार घेऊन निघाले होते. एसटीत बसायला. तेवढ्यात तिकडून मातीचा निरोप आला. मग पश्चात्तापानं कधी बोलले न्हाईत.”

चन्नबसप्पांनी वर बघितलं. “निघाले होते?”

“न्हाई.”

“मग?”

“मग काय? मेलेला माणूस चार पावलं चालला म्हून कुणाचं काय जायलंय? ती प्रदर्शनवाली पोरगी वाचून रडंल. इरेशच्या तोंडाला कुलूप बसंल. लोक म्हणतील, किती मोठ्या मनाचा माणूस.”

गोष्ट चांगली होती. चन्नबसप्पांनी आयुष्यभर गोष्टी वाचल्या होत्या. चांगली कोणती ते त्यांना कळत होतं. क्षणभर त्यांना वडील दिसलेसुद्धा, बगलेत पुडकं धरून फाट्याकडे निघालेले. मग ते चित्र त्यांनी बाजूला ठेवलं.

“नाही,” ते म्हणाले. “निघाले नव्हते.”

“बापाला चव्हाट्यावर आणायलाव!”

“चव्हाट्यावर ते आलेलेच आहेत. फक्त दुसऱ्याच गुन्ह्यासाठी.”

“जन्मात एकदा तोंड उघडलं, ते बी घरच्याच माणसावर,” मल्लम्मा म्हणाल्या आणि पाय आपटत खाली गेल्या. त्या दिवशी त्यांनी जेवायला वाढलं, पण ताट जमिनीवर ठेवलं ते दूर, हात लांबवावा लागेल असं.

पत्र लिहायला बसले तेव्हा चन्नबसप्पा मायन्यापाशी या खेपेला अडकले नाहीत. नुसतं नाव लिहिलं, आणि पुढे गेले.



‘विरेश,

स्वार सगळे आहेत. पाखरंही आहेत. माझ्या वडिलांनी ते जाळले नाहीत. जाळले असं सांगितलं. ते खोटं सांगितलं, आणि खोटं सांगताना भाऊ अंथरुणावर आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी घरी नव्हतो. तुझ्या काकूने कानांनी ऐकलं आहे. सिताराम खरं बोलला. पाटीवर हे असंच लिहावं. “हलगर्जीपणा”, “रागाच्या भरात” असे शब्द घालून मऊ करू नये.

त्याच पाटीवर दुसरं वाक्य लिहावं, की बाड उकलायला हंडा गुरलिंगप्पा कागदे यांनी स्वतः चुलीवर चढवला आणि सुरीही त्यांनीच चालवली. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. घोड्यांच्या पाठीवरचे डाग आमच्या घराने पाडलेले नाहीत. हे वाक्य गाळलं तर स्वार येणार नाहीत.

स्वार घोड्यांवर परत चिकटवायचे नाहीत. राजेश्री बाईंना वाईट वाटेल, त्यांना सांगावं की वाटणी झालेली आहे आणि ज्यांनी ती केली त्यांच्यापैकी ती मोडायला आता कोणी उरलं नाही. समोरच्या भिंतीला वेगळी पेटी लावावी. तुमचे घोडे तिकडे, आमचे स्वार इकडे. लोक मान वळवून बघतील. पाटीवर दोन्ही वाक्यं लागल्याचा फोटो आला की मी स्वतः घेऊन येईन. तुमच्याकडे उतरणार नाही. पाणीही पिणार नाही.

तुझं पत्र उद्धट होतं. उत्तराला उशीर झाला ही चूक माझी.

चन्नबसप्पा’

वाचून बघितलं. ‘ठाऊक होतं’ हे बरोबर आहे का? ठाऊक होतं, की ठाऊक असावं? सितारामने अंथरुणाचं सांगितलं असणारच. असणारच, म्हणजे सांगितलंच का? पेन उचललं, ठेवलं. मल्लम्मांना विचारावं म्हणून खाली डोकावले. त्या भिंतीकडे तोंड करून शेंगा फोडत होत्या. न विचारताच चन्नबसप्पांनी पाकीट चिकटवलं.

पालमच्या पोस्टात दुपारची गर्दी नव्हती. काउंटरमागे धम्मशीला नावाची मुलगी होती; वाचनालयात लहानपणी यायची, गोष्टीची पुस्तकं उशिरा परत करायची.

“स्पीड पोस्ट,” चन्नबसप्पा म्हणाले. “पोचल्याची पावती हवी.”

“एवढं काय हाय आजोबा? कोर्टाची नोटीस धाडायलाव का कुणाला?”

“जवळजवळ.”

तिने पाकीट उलटंपालटं केलं. “पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव लागतं. नुसतं च. कागदे चालत न्हाई.”

चन्नबसप्पांनी पाकीट घेतलं. आपलं नाव लिहिलं, मधे वडिलांचं लिहिलं, शेवटी आडनाव. मधलं नाव लिहिताना पेन दाबलं गेलं आणि कागदाच्या पाठीवर उमटलं. धम्मशीलाने वजन केलं, पट्टी चिकटवली, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

चन्नबसप्पा पावती हातात घेऊन तिथेच उभे राहिले.

“अजून काही, आजोबा?”

“ते... जरा परत मिळेल का? एक शब्द बघायचा होता.”

“आता न्हाई मिळत,” ती म्हणाली. “नोंद झाली. गेलं ते.”

“गेलं?”

“गेलं.”

“बरं,” चन्नबसप्पा म्हणाले, आणि पावतीची घडी घालून बाहेर उन्हात आले.